जेवायलाच बोलावलं होतं

९ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, झोप लागत नसेल तर मनातलं लिहून काढत जा. मी म्हटलं, मी लिहीत बसले तर पोरांचे डबे कोण भरणार? तरी आज लिहायला घेतलंय. दुपारी भांडी आवरली की थोडी सवड मिळते.

लातुरात गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि आठवडाभरात आईच्या हातच्या भाजीसाठी रडकुंडीला येतात. अशा पोरांना मी आणि माझी सून अक्षरा डबे देतो. चैत्रात अमरेश गेला, त्यानंतर हे काम सुरू केलं. माझा एकुलता एक मुलगा. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्याच्या दारातच गेला. त्याच्याबद्दल आज एवढंच. जास्त लिहिलं की माझं अक्षर मलाच लागत नाही.

रविवारी शिवकुमार जेवायला येतो. अमरेशचा जिवलग मित्र. नांदेडला शिकायला होते तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे, एका डब्यात जेवायचे. आता औशाला शाळेत मास्तर आहे. लग्न जमता जमता राहून गेलंय. अमरेश गेल्यापासून त्यानं एक रविवार चुकवला नाही. म्हणतो, "काकू, तुमच्या हातच्या भाकरीबिगर आठवडा सरत न्हाई." एसटीचे धक्के खात औशाहून येतो बिचारा, एका भाकरीसाठी. आता माझी भाकरी आहेच तशी. खोटा विनय मला जमत नाही.

आज मात्र माझी कंबर धरली होती, भाकऱ्या अक्षरानं थापल्या. तरी शिवकुमार म्हणाला, वा काकू, आज तर लईच झकास. पोराला भाकरीतलं काही कळत नाही.

१३ नोव्हेंबर

मुखेडहून अक्षराच्या भावाचा फोन आला. "ताईला चार महिने इकडं धाडा, तिला बी जरा बरं वाटंल." मी म्हटलं, आणि डब्यांचं काय?

खरं सांगायचं तर डब्यांचं निमित्त होतं. मदतीला बाई कुठंही मिळते. पण अक्षरा गेली तर मी जेवू कुणाबरोबर? डबे गेले की आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसतो. फार बोलत नाही. अमरेशला सगळ्यावर वरून मीठ लागायचं, म्हणून मिठाची वाटी अजून आमच्या मधे असते. आम्हा दोघींना वरून मीठ लागत नाही. तरी तिनं ती उचलली नाही आणि मीही नाही. ही वाटी कशासाठी आहे हे या जगात आम्हा दोघींनाच माहीत आहे. ती गेली तर मी एकटी त्या वाटीसमोर बसू शकणार नाही. मला भीती वाटते. हे तिच्या भावाला कसं सांगायचं?

१६ नोव्हेंबर, रविवार

येळवस करायची, ठरलं.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला आमचा सगळा मुलूख शेतात जेवतो. त्या दिवशी लातुरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. ज्याला शेत आहे तो ज्याला नाही त्याला बोलावतो, आणि न बोलावता आलेल्यालाही तेवढ्याच आग्रहानं वाढतो. अमरेश तर औसा रस्त्यावर उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करायचा. एका वर्षी त्यानं एसटीच्या कंडक्टरला उतरवून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायला लावली होती, गाडीतली माणसं शिव्या देत बसली.

घरात दुःख झालेलं, त्या वर्षी आपण सण करायचा नसतो म्हणतात. नसेल. पण त्याच्या नावानं त्याच्या शेतात माणसं जेवली नाहीत तर मला चैन पडणार नाही.

शिवकुमार जेवायला बसला होता, लगेच त्याला सांगितलं. म्हटलं, "दर वर्षी एकलाच येतोस. यंदा आईला घेऊन ये, मामालाबी आण. भज्जी अक्षरा करणार हाय. तिच्या हातचं खाऊन बघू दे त्यायला."

त्याच्या हातातला घास ताटात पडला. मी विचारलं, चटणी तिखट झाली का? तो नुसता मान हलवत राहिला, हो का नाही तेही कळेना. अक्षराला ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत गेली ती बाहेरच आली नाही. आज तिनं केस धुतले होते, ओल्या केसांनी सर्दी झाली असेल. पूर्वी शनिवारी धुवायची, आता रविवारी धुते. सवयी बदलल्या की असं होतं.

२१ नोव्हेंबर

शिवकुमारच्या आईचा, उमादेवींचा, औशाहून फोन आला. आधी तब्येत विचारली. मग रडायला लागली. "गौरम्मा, तुमचं काळीज लई मोठं हाय. दुसरी कोणी असती तर असं केलं नसतं."

मला वाटलं, दुःखाच्या वर्षात येळवस करतेय म्हणून म्हणत असेल. मी म्हटलं, "मोठं-बिठं काही न्हाई. जेवायलाच तर बोलावलंय."

"असं म्हणता हाच तुमचा मोठेपणा," म्हणाली आणि पुन्हा रडली. मग विचारलं, आमच्याकडून किती जणांनी यावं? मी म्हटलं, येळवसला माणसं कोण मोजतं, सगळे या. बाई चांगली आहे, पण जरा हळवी.

३० नोव्हेंबर, रविवार

शिवकुमार आला नाही. फोन नाही, काही नाही. त्याच्या वाटणीच्या भाकऱ्या तशाच राहिल्या. मला रागच आला. आम्ही दोघी वाट बघत उशिरा जेवलो.

अक्षराला आजकाल काय झालंय कळत नाही. मी उठायच्या आधी तिची अर्धी कामं झालेली असतात. कणीक मळलेली, भाज्या चिरलेल्या. काल म्हणाली, "अत्या, तुमी काही करू नका. मी सगळं करते. माझा तुमाला काही तरास हाय का?" मी म्हटलं, "परीक्षा द्यायलीस का काय? माणसासारखी झोपत जा जरा." तिचे डोळे भरून आले. बोलण्यात माझी जीभ जरा जास्तच धारदार आहे, पण यात रडण्यासारखं मी काय बोलले?

७ डिसेंबर, रविवार

आजही शिवकुमार नाही. येळवसच्या दिवशी चांगली खरडपट्टी काढणार आहे.

संध्याकाळी रेणुका आली. आमच्याच गल्लीत राहते, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बुद्धपौर्णिमेची खीर तिच्याकडून आमच्याकडं येते आणि येळवसला ती आमच्या शेतात असते, असं पोरं लहान होती तेव्हापासून चालत आलंय. बसल्याबसल्या तिनं विचारलं, अक्षरा साडी कोणती नेसणार? मी म्हटलं, चुलीपुढं बसायचं तर कोणतंही जुनेर चालेल. तशी ती म्हणाली, "जुनेर? त्या दिवशी? अक्का, काय बोलायलाव!" आणि घरी जाऊन स्वतःची मोरपंखी साडी घेऊन आली. कोरी, घडी न मोडलेली.

साडी ठेवली आणि एकदम माझ्या गळ्यात पडली. "अक्का, मी तुमाला लई हट्टी समजत होते. चुकलं माझं."

आता मी हट्टी आहेच. यात तिचं काय चुकलं?

१२ डिसेंबर

दीर आले होते, गुरुपादप्पा भाऊजी. शेत तेच बघतात. तुरीच्या शेंगांचं पोतं आणलं, हरभऱ्याचे डहाळे आणले, पण तोंड पाडून बसले. शेवटी म्हणाले, "वहिनी, मला एका शब्दानं इचारायचं तरी होतं."

मला सणक आली. म्हटलं, "मी कुणाला जेवायला बोलवायचं ते आता तुमाला इचारू का? अमरेश असता तर त्यानं अजून दहा जणांला बोलावलं असतं."

भाऊजींनी चहा खाली ठेवला. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पोरीचं वय तरी काय हाय अजून. मीच जुन्या डोक्याचा." मी म्हटलं तेच तर, तरण्या पोरीला चाळीस माणसांचा स्वयंपाक काय जड आहे. ते माझ्याकडं बघत राहिले आणि निघून गेले.

सगळ्यांना रडायला काय झालंय या वर्षी? मीच एक धडधाकट उरलेय.

१८ डिसेंबर

आंबील आंबायला ठेवली. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, लसूण ठेचून घालून. उद्यापर्यंत छान आंबट होईल. भज्जीसाठी घरभर पालेभाज्या पसरल्यात, मेथी, पालक, आंबटचुका, करडई. शेंगा सोलून बोटं हिरवी झाली. ओल्या तुरी, हरभरे, वाटाणे, पावटे, भुईमूग, सगळं एका मोठ्या पातेल्यात चिंचेच्या कोळात शिजायचं, वर बेसन लावायचं. उकडून करायच्या उंड्यांसाठी बाजरीचं पीठ दळून आणलं. गव्हाच्या खिरीला गूळ चिरला.

अमरेश लहान असताना या ढिगात बसून कच्चे वाटाणेच खायचा. आज मी सोलता सोलता एक वाटाणा तोंडात टाकला आणि तसाच परत काढला.

अक्षरानं दिवसभर काही खाल्लं नाही. शेंगा सोलत मधेच म्हणाली, "अत्या, तुमाला माझा कंटाळा आला का?" मी म्हटलं, "मला माझाच कंटाळा आलाय, सकाळपासून पाठ टेकली न्हाई. ती करडई धुऊन आण." थकली आहे पोरगी.

२० डिसेंबर

काल येळवस झाली. काल लिहायचं बळ नव्हतं. आज सगळं लिहिते.

सकाळी शेतात पोचलो तेव्हा भाऊजींनी कडब्याची कोप, म्हणजे छोटंसं खोपटं, उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तेच पाच पांडव. पूजा झाली. भाऊजी आंबिलीचं मडकं घेऊन ज्वारीतून शिंपत निघाले, येळवसची आरोळी देत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" दर वर्षी त्यांच्या मागून ओरडायला अमरेश असायचा. काल त्यांच्या मागं कोणी नव्हतं. रेणुकानं माझा हात धरला.

तेवढ्यात जीप आली. उमादेवी इरकल नेसलेली, अंगावर दागिने. मामा धुवट धोतरात, डोक्याला पटका. त्यांच्यामागं शिवकुमार, इस्त्रीच्या कपड्यांत, मान खाली. मी खरडपट्टीचं विसरूनच गेले. शेतात जेवायला इतकं नटून कोण येतं?

पंगत बसली. अक्षरा मोरपंखी साडीत वाढत होती. मामांनी भज्जी तीनदा मागून घेतली, आंबील प्याले, ढेकर दिला आणि म्हणाले, "पोरीच्या हातचं जेवलो. आता बोलायला हरकत न्हाई." उमादेवीनं टोपलीवरचा रुमाल काढला. नारळ होता, खण होता, आणि हिरव्या बांगड्या होत्या.

माझ्या हातातली खिरीची पळी तशीच राहिली.

आमच्यात मुलाच्या आईला आणि मामाला जेवायला बोलवायचं आणि मुलीच्या हातचं खाऊ घालायचं, याचा एकच अर्थ होतो. मी स्वतः भावकीतली लग्नं अशीच जमवली आहेत. पण अक्षरा माझ्यासाठी अमरेशची बायको. तिच्याबाबतीत ते माझ्या डोक्यात येईलच कसं?

उमादेवी म्हणत होती, "तुमी बोलावलं नसतं तर आमची हिंमत झाली नसती. पोरगा तोंडानं एक शब्द बोलला न्हाई कधी. पण रविवारी त्याचा जीव कुठं असतो ते आईला कळतंय की."

अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. उठा म्हणावं, ही माझ्या अमरेशची बायको हाय, मी तुमाला फक्त जेवायला बोलावलं होतं. मग मी अक्षराकडं बघितलं. ती शिवकुमारच्या ताटाशी उभी होती. त्यानं वर बघितलं नाही, तिनं खाली बघितलं नाही, आणि त्याच्या भरल्या ताटात ती अजून भज्जी वाढत होती. एवढ्या वर्षांत मी किती पंगती वाढल्या. भुकेल्या माणसाला वाढणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या डोक्यात सगळे रविवार एकदम उजाडले. तिचे ओले केस, तिनं थापलेल्या भाकऱ्या, त्याचं ते "काकू, तुमच्या हातची". मी किती आंधळी!

मी मडकं उचललं आणि आंबील शिंपायचं राहिलंय असं म्हणत बांधाकडं चालू लागले. शिंपून झालेलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. मला अमरेशचाच राग आला होता. तू गेलास, आणि तुझ्यामागं उरलेली एवढी एक पोर, तीही न्यायला आले बघ, आणि तेही मीच बोलावल्यावर.

मागून अक्षरा पळत आली. "अत्या, मी न्हाई म्हणून सांगते त्यायला. मला कुठं जायचं न्हाई. मी सगळे डबे करते, तुमाला कशालाच हात लावू देत न्हाई. मला धाडू नका."

म्हणजे महिनाभर ही पोर असं समजत होती की मी तिला घराबाहेर काढतेय. आणि रात्रंदिवस राबून मला स्वतःची गरज पटवून देत होती.

मी विचारलं, "तुला तो आवडतो का?"

तिनं ज्वारीचं एक पान तोडलं. मग म्हणाली, "तुमी एकल्या कुणाबरोबर जेवताल?"

हे ऐकून मला बरं वाटलं आणि लाज वाटली. बरं वाटलं ते आधी लिहिलं, कारण ते आधी वाटलं. लाज मागून आली, पण आली ती जायला तयार होईना. तिनं "नाही आवडत" म्हटलं नव्हतं. एकोणतीस वर्षांची पोर स्वतःचं सोडून म्हातारीच्या ताटाची काळजी करत उभी होती, आणि तिला तिथं उभं राहू द्यायचं का नाही, ते माझ्या हातात होतं.

"मला दोन हात हायेत," मी म्हटलं. "जेवता येतं मला." खोटंच बोलले. पण आवाज चांगला लागला.

परत आले आणि उमादेवीला म्हटलं, "अमरेशचं वर्ष होऊ द्या. चैत्र सरला की मग. आन् येळवसची भज्जी दर वर्षी हीच करणार, ह्याच शेतात. तुमी सगळ्यांनी इथंच जेवायचं. कबूल असंल तर बोला."

मामा म्हणाले, "कबूल. अशी भज्जी सोडून आमी कुठं जाताव?"

उमादेवी बांगड्या भरायला उठली. मी तिच्या हातून त्या घेतल्या. म्हटलं, या मी भरते. अक्षराचा हात थंडगार पडला होता. चैत्रात या हातातल्या बांगड्या काढल्या तेव्हाही तो माझ्याच मांडीवर होता. एक बांगडी माझ्याकडून पिचली. कोणी अपशकुन वगैरे म्हणालं नाही. भाऊजी पाठ फिरवून बैलांना उगाच कडबा टाकत होते. मग मी तिला पंगतीत बसवलं आणि माझ्या हातानं वाढलं. शिवकुमार उठून माझ्या पाया पडायला आला, तर त्याला म्हटलं, आधी ताटातलं संपव.

हे कालचं. आज सकाळपासून फोन चालू आहेत. भावकी, शेजारी, मुखेडचा भाऊ, सगळे म्हणतात, गौरम्मा, तुमी समाजाला वाट दाखवली. मी हूं हूं करत ऐकून घेतलं. आयतं मिळालेलं मोठेपण नको म्हणायला मी काही साधू नाही.

पण दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. कालची भज्जी गरम केली होती, दुसऱ्या दिवशी ती जास्तच मुरते. अक्षरा म्हणाली, "अत्या, तुमी माझ्यासाठी एवढा इचार केलाव, आन् मी काय काय समजत होते." आणि रडायच्या बेतात आली. मला ते सहन होईना. सांगून टाकलं.

"अक्षरा, शिवशपथ सांगते. मी त्यायला नुसतं जेवायला बोलावलं होतं."

"म्हंजे?"

"म्हंजे जेवायला. भज्जी खायला."

"मामाला बी?"

"मामाला बी."

"आन् माझ्या हातचं खाऊन बघा म्हणलाव ते?"

"अगं, मला वाटलं भज्जी चांगली करतीस तू."

मग तिच्या नाकातून कसलातरी आवाज आला, मग तिनं पदर तोंडात कोंबला, आणि मग तिला हसू आवरेचना. मीही सुरू झाले. मामांचा पटका आठवला की पुन्हा, भाऊजींचं डोळे पुसणं आठवलं की पुन्हा. चैत्रापासून या घरात कोणी हसलं नव्हतं. रेणुका भिंतीपलीकडून ओरडली, काय झालं गं? आम्हाला उत्तर देता येईना.

डोळे पुसत अक्षरा म्हणाली, "मग सांगू का त्यायला? चूक झाली, परत जावा म्हणून?"

"खबरदार!" मी म्हटलं.

मग आम्ही जेवलो. ती आज पोटभर जेवली. मीही दोनदा भज्जी घेतली, शेवटी भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून खाल्लं. ती डबे आणायला बाहेर गेली आणि मी तिथंच उष्ट्या हातानं बसून रडले, अमरेशसाठी. चैत्रापासून कितीदा रडले असेन, पण भरल्या पोटी पहिल्यांदाच.